कार्डिनल स्तेफानो बोर्जा (१७३१–१८०४) : ग्रंथसंग्रह, मिशनकारभार आणि भारत

प्रास्ताविक

मराठीच्या मुद्रित व्याकरणांचा इतिहास सांगताना सामान्यतः विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथे १८०५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणापासून आरंभ केला जातो. तथापि त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, १७७८ साली, रोम शहरात 'ग्रामातिका मरास्ता' या नावाचे एक मराठी व्याकरण पोर्तुगीज भाषेत छापले गेले होते. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकांना या पुस्तकाचे नाव परिचित आहे. परंतु ते कोणत्या संस्थेने, कोणत्या गरजेतून व कोणाच्या कारकिर्दीत छापले, याकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. हे पुस्तक छापणारे मुद्रणालय 'प्रोपागांडा फिदे' म्हणजे श्रद्धाप्रसारासाठी स्थापन झालेल्या कॅथलिक चर्चच्या महासभेचे होते, आणि त्या महासभेच्या चिटणीसपदी त्या वेळी स्तेफानो बोर्जा हे होते. पुढे १७८९ मध्ये ते कार्डिनल झाले.

बोर्जा यांनी आशियात कधी पाऊल ठेवले नाही. असे असूनही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपला आशियातील लिप्या, भाषा व ग्रंथ यांचे जे ज्ञान झाले, त्यातील बराच भाग त्यांच्या कार्यालयातून आणि त्यांच्या घरातून पुढे गेला. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनाचा व चर्चमधील कारकिर्दीचा परामर्श घेतला असून, त्याबरोबरच एका प्रश्नाचा विचार केला आहे. पूर्वेकडील अक्षरे इतक्या आस्थेने गोळा करणाऱ्या या अधिकाऱ्याच्या दाराशी पूर्वेकडील माणसेच येऊन उभी राहिली, तेव्हा काय घडले, हा तो प्रश्न होय.

वेलेत्री ते रोम

स्तेफानो बोर्जा यांचा जन्म ३ डिसेंबर १७३१ रोजी रोमच्या दक्षिणेस असलेल्या वेलेत्री या गावी झाला. बोर्जा हे आडनाव ऐकताच पोप सहावे अलेक्झांडर आणि त्यांचे बदनाम कुटुंबीय आठवतात. परंतु त्यांच्याशी या अभ्यासू गृहस्थाची गल्लत करू नये. वेलेत्रीच्या या घराण्यात चर्चची सेवा आणि पुराणवस्तूंचा नाद या दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या. स्तेफानो यांचे शिक्षण त्यांचे चुलते, फेर्मोचे आर्चबिशप आलेस्सांद्रो बोर्जा यांच्या देखरेखीखाली झाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कोर्तोना येथील एत्रुस्कन अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. त्या काळी इटलीत अशा अकादम्या गावोगावी होत्या हे खरे. पण कोर्तोनाचा मान मोठा होता.

१७५९ साली त्यांची बेनेव्हेंतोच्या प्रशासकपदी नियुक्ती झाली. हे शहर पोपच्या सत्तेखाली असले तरी चहूबाजूंनी नेपल्सच्या राज्याने वेढलेले होते. तेथे असतानाच १७६४ साली दक्षिण इटलीत भीषण दुष्काळ पडला. नेपल्समध्ये हाहाकार माजलेला असताना बेनेव्हेंतोला अन्नधान्याचा पुरवठा चालू ठेवण्याचे श्रेय बोर्जा यांच्या कारभाराला दिले जाते. याच वास्तव्यात त्यांनी शहराचा तीन खंडांचा इतिहास लिहावयास घेतला. त्याचे प्रकाशन १७६३ ते १७६९ या काळात झाले. हा इतिहास निव्वळ विद्याव्यासंगातून लिहिला गेला असे म्हणता येत नाही. नेपल्सचा दरबार बेनेव्हेंतोवर हक्क सांगत होता आणि १७६८ साली त्याने ते शहर ताब्यातही घेतले. जुन्या सनदा व दानपत्रे शोधून पोपचा अधिकार सिद्ध करणे, हे त्या ग्रंथामागील राजकीय प्रयोजन होते. दक्षिण इटलीवरील पोपच्या ऐहिक सत्तेविषयी १७८८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही हीच भूमिका आहे. कागदपत्र हे अधिकाराचे साधन आहे, याची जाणीव बोर्जा यांना मिशनांच्या कारभारात शिरण्यापूर्वीच झालेली होती.

चिटणीसपद आणि मुद्रणालय

१७७० मध्ये बोर्जा प्रोपागांडा महासभेचे चिटणीस झाले व सुमारे अठरा वर्षे त्या पदावर राहिले. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली स्थापिलेल्या या महासभेकडे युरोपबाहेरील आणि प्रॉटेस्टंट प्रदेशांतील कॅथलिक मिशनांचा कारभार सोपविलेला होता. (मराठीत आज नकारार्थी वापरला जाणारा 'प्रोपागंडा' हा शब्द याच संस्थेच्या नावावरून जगभर पसरला.) महासभेचे प्रमुखपद एका कार्डिनलकडे असे. बोर्जा यांच्या काळात प्रथम कास्तेल्ली व १७८० नंतर आंतोनेल्ली हे प्रमुख होते. दैनंदिन पत्रव्यवहार, अहवालांची छाननी, बैठकांसाठी प्रकरणे तयार करणे ही कामे मात्र चिटणीसाची. पेकिंग, पेगू, पाँडिचेरी वा मुंबई येथील धर्मगुरूचे पत्र रोमला पोहोचले की ते आधी चिटणीसाच्या मेजावर येई.

तो काळ मिशनांना अनुकूल नव्हता. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना आपल्या राज्यातून व वसाहतींतून हाकलले होते. १७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी तो संघच विसर्जित केला. आशियातील अनेक ठाणी त्यामुळे अनुभवी माणसांवाचून ओस पडली. दुसरीकडे पोर्तुगीज राजाचा 'पाद्रोआदो', म्हणजे पूर्वेकडील चर्चवर आश्रयदाता म्हणून असलेला हक्क, प्रोपागांडाला पावलोपावली आडवा येत होता. मुंबईत हा संघर्ष सर्वांच्या डोळ्यांदेखत चालला होता. इंग्रजांनी १७२० साली तेथील पोर्तुगीज धर्मगुरूंना दूर करून प्रोपागांडाच्या कार्मेलाइट व्हिकार अपोस्टोलिकांकडे (पोपच्या थेट अधिकाराखालील बिशपांकडे) चर्चचा कारभार सोपविला. पुढे १७९४ मध्ये त्याच शहरात गोव्याचे आर्चबिशप व व्हिकार अपोस्टोलिक अशा दोन अधिकाऱ्यांमध्ये चर्चची वाटणी करावी लागली. एकाच गावातील कॅथलिकांनी दोन स्वतंत्र धर्मसत्ता मानाव्यात, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

जुनी माणसे उरली नाहीत म्हणजे नव्या माणसांना भाषा शिकविणे आले, आणि भाषा शिकवायची म्हणजे पुस्तके हवीत. महासभेचे मुद्रणालय १६२६ पासून चालू होते. बोर्जा चिटणीस झाले त्याच सुमारास त्याची देखरेख जोव्हान्नी क्रिस्तोफोरो आमादुझ्झी या विद्वानाकडे आली आणि आशियाई लिप्यांच्या छपाईला विशेष वेग आला. १७७१ मध्ये 'आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम' हे देवनागरी लिपीची ओळख करून देणारे पुस्तक सुट्या खिळ्यांनी छापले गेले. ते नेपाळ-तिबेट मिशनातील कापुचिन धर्मगुरू कास्सियानो बेलिगात्ती यांच्या माहितीवर आधारलेले होते. १७७२ मध्ये क्लेमेंते पेआनी यांचे ग्रंथ व मल्याळी लिपींवरील पुस्तक आणि त्यांचेच 'संक्षेपवेदार्थम्' हे मल्याळम् भाषेतील पहिले मुद्रित पुस्तक प्रसिद्ध झाले. १७७६ मध्ये ब्रह्मी, म्हणजे बर्मी, लिपीचे पुस्तक निघाले. १७७८ मध्ये 'ग्रामातिका मरास्ता' व त्याबरोबर हिंदुस्थानी भाषेचे एक व्याकरण बाहेर पडले.

मराठी व्याकरणाच्या लांबलचक शीर्षकात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. निझामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांत प्रचलित असलेली सर्वसामान्य मराठी, असे त्यात भाषेचे वर्णन असून ते त्याच राज्यांतील धर्मगुरूंना अर्पण केलेले आहे. १७७८ मध्ये यांपैकी एकही राज्य अस्तित्वात नव्हते. निझामशाही १६३६ मध्ये आणि आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली होती. पुण्यात सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहत होते, पहिले इंग्रज-मराठे युद्ध चालू होते आणि पुस्तक छापले गेले त्याच्या पुढच्याच जानेवारीत वडगावचा तह झाला. रोमच्या कागदावर मात्र विजापूरचा 'इदलशहा' अजून नांदत होता! याचे कारण बहुधा दप्तरातच शोधावे लागते. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रू या गोमंतकीय धर्मगुरूंना १६३७ मध्ये प्रोपागांडाने आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्टोलिक म्हणून नेमले, तेव्हापासून त्या अधिकारक्षेत्राला तेच नाव पडले. राज्य गेले, नाव राहिले. एखाद्या प्रदेशाची भाषा नेमकेपणाने नोंदवणारे कार्यालय त्याच प्रदेशाच्या राजकारणाविषयी शंभर वर्षे मागे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या मुद्रणामागील हेतूविषयी भ्रम नसावा. ही पुस्तके धर्मप्रसारकांसाठी होती, मराठी वा मल्याळी वाचकांची जिज्ञासा भागविण्यासाठी नव्हेत. परंतु ज्ञानाचा व्यवहार हेतूच्या चौकटीत नेहमी मावतोच असे नाही. कॅरी यांच्या व्याकरणाच्या वर्षीच, १८०५ मध्ये, रोमचे हे मराठी व्याकरण लिस्बन येथे पुन्हा छापले गेले.

वेलेत्रीचा संग्रह

चिटणीसपदाचा दुसरा उपयोग बोर्जा यांनी आपल्या घराण्याच्या संग्रहासाठी केला. मिशनऱ्यांशी रोजचा पत्रव्यवहार होताच. त्यांतून हस्तलिखिते, नाणी, मूर्ती, शिलालेख, नकाशे मागविले जाऊ लागले. पाहता पाहता वेलेत्रीचे घर युरोपातील एक नामांकित खाजगी संग्रहालय बनले. वरच्या इजिप्तमधील श्वेत मठातून आलेली कॉप्टिक हस्तलिखितांची पाने, हिजरी ६२२ म्हणजे इ. स. १२२५ मधील अरबी खगोल-गोल, मेक्सिकोतील प्राचीन चित्रलिखित (जे आज 'कोदेक्स बोर्जा' म्हणून ओळखले जाते), भारत, ब्रह्मदेश व सयाममधील ग्रंथ, असा हा विस्तार होता. बेतिया येथील कापुचिन धर्मगुरू मार्को देल्ला तोंबा यांचे हिंदू धर्मग्रंथ व कबीरपंथ यांविषयीचे लेखनही बोर्जा यांच्याकडे होते. ते छापले जाण्यास मात्र १८७८ साल उजाडावे लागले.

संग्रहातील एका वस्तूची हकीकत येथे थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १७७८ च्या सुमारास इजिप्तमध्ये सापडलेली एक ग्रीक पपायरसची गुंडाळी बोर्जा यांच्या हाती आली. डॅनिश विद्वान नील्स स्कोव्ह यांनी ती वाचून १७८८ मध्ये प्रसिद्ध केली. इजिप्तमधून आलेल्या ग्रीक पपायरसचे युरोपातील हे पहिले प्रकाशन होय. तीत होमरचे काव्य वा प्लेटोचा संवाद निघाला नाही. निघाली ती इ. स. १९२-९३ मध्ये बंधारे व कालव्यांच्या कामावर वेठीने धाडलेल्या माणसांची यादी. अनेकांची निराशा झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा याद्यांवरच प्राचीन इजिप्तचा सामाजिक इतिहास उभा राहिला, तेव्हा या गुंडाळीचे मोल कळले.

संग्रह अभ्यासकांना खुला होता आणि तेथे धर्मपंथाची अट नव्हती. जर्मन प्रॉटेस्टंट याकोब आडलर यांनी तेथील अरबी कूफी नाण्यांचा ग्रंथ १७८२ मध्ये काढला. डेन्मार्कचे गेओर्ग त्सोएगा यांनी कॉप्टिक हस्तलिखितांची सूची केली; ती दोघांच्याही मृत्यूनंतर १८१० मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मन कवी गटे फेब्रुवारी १७८७ मध्ये नेपल्सच्या वाटेवर वेलेत्रीला थांबला आणि हा संग्रह पाहून गेला. केरळात तेरा वर्षे राहून परतलेले कार्मेलाइट धर्मगुरू पाउलिनुस यांना बोर्जा यांचा मोठा आश्रय मिळाला. त्यांचे 'सिद्धरूबम्' हे युरोपात छापले गेलेले पहिले संस्कृत व्याकरण १७९० मध्ये प्रोपागांडाच्याच मुद्रणालयातून निघाले आणि १७९३ मध्ये त्यांनी बोर्जा संग्रहातील भारतीय व ब्रह्मी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. १८०५ मध्ये बोर्जा यांचे चरित्र लिहिणारेही हेच पाउलिनुस. त्यामुळे बोर्जा यांची जी प्रतिमा विद्वत्जगतात रूढ झाली ती उपकृत विद्वानांनी रंगविलेली आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

दाराशी आलेली माणसे

वेगळी बाजू पाहावयाची तर केरळकडे वळावे लागते. १६५३ च्या कूनन कुरिशू शपथेनंतर तेथील सेंट थॉमस ख्रिस्ती समाज दुभंगला होता. त्यातील रोमपासून दूर गेलेल्या शाखेचे प्रमुख मार तोमा सहावे यांना पुन्हा रोमशी जुळवून घ्यावे आणि समाजाला स्वतःच्या माणसांतून बिशप मिळावा, अशी विनंती घेऊन करियाट्टिल यौसेप मल्पान व पारेम्माक्कल तोमा कत्तनार हे दोन केरळी धर्मगुरू १७७८ मध्ये निघाले. समाजाने वर्गणी करून त्यांचा खर्च उचलला होता. लिस्बनमार्गे ते १७८० च्या आरंभी रोमला पोहोचले. करियाट्टिल यांना ते शहर परके नव्हते. प्रोपागांडाच्याच उर्बान महाविद्यालयात शिकून ते तेथेच धर्मगुरू झाले होते.

त्यांच्या अर्जाचा रोख केरळातील युरोपीय कार्मेलाइट मिशनऱ्यांवर होता. महासभेचा भरवसा मात्र त्याच मिशनऱ्यांच्या अहवालांवर होता. तक्रार ज्यांच्याविरुद्ध, माहितीही त्यांच्याकडूनच मागवायची, असा हा पेच होता. पारेम्माक्कल यांनी या प्रवासावर 'वर्तमानप्पुस्तकम्' हा मल्याळी ग्रंथ लिहिला; भारतीय भाषेतील पहिले प्रवासवर्णन म्हणून त्याचा उल्लेख होतो. रोममधील कार्यालयात वाट्याला आलेल्या अविश्वासाची आणि उपेक्षेची खंत त्या ग्रंथात जागोजागी व्यक्त झाली आहे. त्या कार्यालयाचे चिटणीस बोर्जा होते. जे मागणे रोमने मानले नाही त्याचा एक भाग लिस्बनने मान्य केला. पाद्रोआदोच्या हक्काने राणी पहिली मारिया हिने करियाट्टिल यांना कोडुंगल्लूरचे आर्चबिशप म्हणून पुढे केले आणि १७८३ मध्ये लिस्बन येथे त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. मायदेशी पोहोचण्याआधीच सप्टेंबर १७८६ मध्ये गोव्यात त्यांचा मृत्यू झाला. पारेम्माक्कल यांचा ग्रंथ छापला गेला तो १९३६ मध्ये.

याच सुमारास गोव्याचाही एक विद्यार्थी रोममध्ये होता. १७५६ मध्ये कांदोळी येथे जन्मलेले जुझे कुस्तोदियु द फारिया, पुढे संमोहनविद्येमुळे 'आबे फारिया' म्हणून विख्यात झालेले, १७७२ मध्ये रोमला आले आणि प्रोपागांडाच्या आश्रयाखाली शिकून १७८० मध्ये धर्मगुरू झाले. गोमंतकीय विद्यार्थ्याला पोपच्या राजधानीत विद्वत्तेचा सन्मान मिळू शकत होता. गोव्यात मात्र वरची पदे गोऱ्यांकरिता राखीव होती. १७८७ च्या पिंटोंच्या बंडात असंतुष्ट गोमंतकीय धर्मगुरूंचा पुढाकार होता, हे या संदर्भात पाहावे.

बोर्जा यांना हा प्रश्न कळत नव्हता असे नाही. देशी धर्मगुरूंची संख्या वाढावी व मिशन-प्रदेशांत त्यांच्यातूनच बिशप नेमले जावेत, असा विचार त्यांनी महासभेपुढे मांडला होता. तो मान्य झाला नाही. लुओ वेनझाओ या पहिल्या चिनी बिशपांची दीक्षा १६८५ मध्ये झाली होती, आणि त्यानंतरच्या चिनी बिशपांसाठी १९२६ उजाडावे लागले, यावरून विरोध किती खोल होता ते कळते. म्हणून बोर्जा यांना ढोंगी ठरविणे अन्यायाचे होईल. तथापि टिपण लिहिणारा बोर्जा आणि अर्जदाराला सामोरा जाणारा चिटणीस बोर्जा एकच होते, हेही नाकारता येत नाही. ताडपत्र रोमला पोहोचले की त्याचे स्वागत होई, कारण ताडपत्र काही मागत नसे. करियाट्टिल व पारेम्माक्कल अधिकार मागत होते.

कार्डिनलपद, क्रांती आणि अखेर

पोप सहावे पायस यांनी ३० मार्च १७८९ रोजी बोर्जा यांना कार्डिनल केले. काही महिन्यांतच फ्रान्समध्ये क्रांतीला तोंड फुटले. १७९७ च्या अखेरीस रोममध्ये अशांतता माजली तेव्हा पोपनी शहराच्या सुव्यवस्थेची जबाबदारी बोर्जा यांच्यावर सोपविली. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या बळावर तेथे प्रजासत्ताक जाहीर झाले. पोपना कैद करून नेण्यात आले. मार्चमध्ये बोर्जा यांना अटक झाली आणि सुटकेनंतर देश सोडावा लागला. प्रोपागांडाची महासभाच बरखास्त करण्यात आली. मुद्रणालयाचे आशियाई लिप्यांचे खिळे पॅरिसला गेले.

या हलाखीतही साठी ओलांडलेल्या बोर्जा यांनी व्हेनिस व पादुआ येथून मिशनांशी पत्रव्यवहार पुन्हा जुळविला. महासभेची इमारत, पैसा, दप्तर यांपैकी काहीच हाती नव्हते. उरले होते ते अठरा वर्षांच्या ओळखी आणि पत्ते. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत निःस्वार्थ कामगिरी कदाचित हीच म्हणावी लागेल. १७९९-१८०० मधील व्हेनिसच्या निवडसभेत त्यांनी भाग घेतला. तीत पोप सातवे पायस निवडून आले. त्यांच्याबरोबर रोमला परतल्यावर बोर्जा यांच्याकडे १८०१ मध्ये रोमन महाविद्यालयाचे प्रमुखपद आणि १८०२ मध्ये प्रोपागांडाचे प्रमुखपद आले. ज्या कार्यालयात चिटणीस म्हणून त्यांनी आयुष्याचा उत्तम काळ घालविला होता, त्याचे ते आता स्वामी झाले. परंतु त्यांच्या हाती दोनच वर्षे उरली होती.

नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पोप २ नोव्हेंबर १८०४ रोजी रोमहून पॅरिसकडे निघाले. त्र्याहत्तरीकडे झुकलेले बोर्जा त्यांच्या सोबत होते. वाटेत ते आजारी पडले आणि २३ नोव्हेंबर रोजी ल्यों येथे त्यांचे निधन झाले. राज्याभिषेक त्यानंतर नऊ दिवसांनी झाला.

संग्रहाची पुढे वाटणी झाली. रोममधील भाग त्यांच्या इच्छेनुसार प्रोपागांडाकडे गेला आणि त्यातील हस्तलिखिते १९०२ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयात दाखल झाली. वेलेत्रीचा भाग पुतण्या कामिल्लो यांच्याकडून १८१७ पर्यंत नेपल्सच्या राजाकडे गेला. ज्या नेपल्सविरुद्ध बोर्जा यांनी तरुणपणी तीन खंड लिहिले, त्याच नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आज त्यांच्या इजिप्शियन वस्तू मांडलेल्या आहेत. कॉप्टिक पानांचीही नेपल्स आणि रोम अशी ताटातूट झाली असून, श्वेत मठातील एकाच ग्रंथाची पाने अभ्यासकांना आज अनेक देशांच्या ग्रंथालयांतून जुळवावी लागतात.